लक्ष्मीनगरातलं दोन दिवसांचं आर्ट वर्कशॉप, लिनोसाठी तरी जाच

जानेवारीत नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका छोट्या स्टुडिओत दोन दिवस जाऊन आले, माती, लिनो प्रिंट (लिनो म्हणजे मऊसर शीट, ती कोरून शाई लावून कागदावर छापायची) आणि पेंटिंग तिन्ही होतं, सामानासकट २२०० रुपये. मला कलाकारांना त्यांच्या कामाबद्दल बोलताना ऐकायचं होतं, प्रदर्शनात चित्र आवडतं पण ते झालं कसं हे सांगायला तिथे कोणी नसतं.

मातीवाल्या ताई जे काही बोलल्या ते माती मळता मळता. भट्टीत भांडं फुटतं ते बहुतेक वेळा आत ओल राहिल्यामुळे, पाण्याची वाफ होते अन् तिला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून वाळवायची घाई नाही करायची. आपल्याकडे मे महिन्यात तर काठ आधी वाळतो, बूड ओलंच राहतं आणि तडा जातो, त्या काठालाच प्लास्टिक गुंडाळून ठेवतात. माती ६०० डिग्रीच्या वर गेली की मग पाण्यात टाकली तरी विरघळत नाही. आमच्या चितारओळीतले, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतले, मातीचे गणपती भाजलेले नसतात म्हणून विसर्जनात विरघळतात, लहानपणापासून तिथल्या मूर्ती बघून राहिली आहे पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

लिनोचे सर मात्र सगळ्यात भारी. आम्ही पोचायच्या आधी त्यांनी शीट गच्चीवर उन्हात ठेवलेली, थंड लिनो कडक होतो अन् कोरणी सटकून बोटात घुसते. कोरलं ते पांढरं राहतं, ठेवलं ते छापतं, एवढं सांगून गप्प बसले. एका मुलीने आईचं नाव सरळ कोरलं, कागद उचलला तर उलटं आलं, वेलांट्या भलत्याच बाजूला. ती म्हणाली, "सर, आधी काऊन नाही सांगितलं?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर विसरली असतीस, आता नाही विसरणार." मग तिच्याजवळ बसून दुसरा तुकडा पूर्ण करून घेतला. शाई पुरेशी झाली हे ते रोलरच्या आवाजावरून सांगतात, बारीक चुरचुर यायला पाहिजे, पचपच आली तर शाई जास्त. प्रेस नसेल तर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचं, मी घरी करून पाहिलं, खरंच येतं. प्रिंटखाली पेन्सिलने ३/१० लिहितात म्हणजे दहातली तिसरी, हेही तिथेच कळलं.

पेंटिंगचं सेशन कमी पडलं. तासभर स्लाइड दाखवल्या, चित्रं सुंदर होती पण बोलणं सगळं भावनांचं. शेवटी एका काकांनी विचारलं हा गडद रंग काळा वापरून केला का, तेव्हा चित्रकारांनी ब्रश हातात घेतला, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून आमच्यासमोर जवळजवळ काळा करून दाखवला, निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की उबदार. ती दहा मिनिटं अजून लक्षात आहेत, तासभर तेच हवं होतं.

तक्रार एकच पण मोठी, भाजलेला कप तीन आठवड्यांत देतो म्हणाले, सातव्या आठवड्यात मिळाला, तोही चारदा फोन केल्यावर. (कप लहान होऊन येतो, ते ताईंनी आधीच सांगितलं होतं.) आणि चाक एकच, आम्ही बारा जण, वाट्याला पंधरा मिनिटं. चाकासाठीच जाणार असाल तर आधी किती लोक आहेत ते विचारून घ्या. मी फक्त लिनोच्या पुढच्या बॅचला नाव दिलंय.