कोल्ड स्प्रिंगचं टोळवालं चॅपल की ग्रेटनाचं काचेचं?

अमेरिकेच्या प्रेअरीत (सपाट गवताळ प्रदेशात) गाडी चालवताना मका आणि सोयाबीन सोडून काही दिसत नाही, त्यामुळे टेकडीवरचं एखादं कॅथलिक देवस्थान लांबूनच डोळ्यात भरतं. कोल्ड स्प्रिंग आणि ग्रेटना या दोन्हीपैकी एकच बघायचं असेल तर माझं मत मिनेसोटातल्या कोल्ड स्प्रिंगला, कारण त्यामागची गोष्टच भारी आहे. १८७३ पासून टोळधाडीने शेतकरी पार टेकीला आलेले, १८७७ च्या एप्रिलमध्ये तर गव्हर्नर पिल्सबरीनेच प्रार्थनेचा दिवस जाहीर केला, आणि इथल्या जर्मन कॅथलिक लोकांनी मेरीला नवस बोलून टेकडीवर लाकडी चॅपल (छोटं प्रार्थनाघर) बांधलं, त्याच उन्हाळ्यात टोळ गेले (चमत्कार की योगायोग ते तुम्ही ठरवा). १८९४ मध्ये टोर्नेडोने चॅपल उडवलं, मग थेट १९५२ ला ग्रॅनाइटमध्ये परत उभं केलं. दारावर मेरी कोरलीय आणि तिच्यापुढे टोळ, ते बघाच!

नेब्रास्कातलं ग्रेटनाचं होली फॅमिली श्राइन त्यामानाने कालचं, २००२ चं. ओमाहा-लिंकन रस्त्यावर हायवेलगतच आहे, त्यामुळे प्रवासात थांबायला सोपं. उंच काचा, गव्हाच्या ओंब्यांसारख्या एकमेकीत गुंतलेल्या लाकडी कमानी, आत पाणी वाहतंय, फोटो तर जबरदस्त येतात. पण नवसाबिवसाची गोष्ट नाही. आर्किटेक्चरची आवड असेल तर मात्र ग्रेटनालाच जा, कोल्ड स्प्रिंगचं चॅपल आकाराने अगदी छोटं आहे.