‘डिस्प्ले गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी लॅपटॉप तापवायला सांगा

व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की थोड्याच वेळात पंखा घोंघावायला लागायचा, कीबोर्डच्या वरची पट्टी हात ठेववणार नाही इतकी तापायची आणि मग स्क्रीनवर आडव्या रेघा, रंगीत ठिपके यायचे. कधी सगळी स्क्रीनच काळी व्हायची. बंद करून ठेवला, गार झाला, की पुन्हा ठणठणीत. हे सगळं मी दुरुस्तीच्या दुकानात सविस्तर सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने झाकण जरा मागेपुढे केलं आणि निकाल दिला, ‘‘मॅडम, डिस्प्ले गेलाय. नवीन टाकावा लागेल.’’ तापण्याबद्दल एक प्रश्न नाही, मागचं कव्हर उघडणं तर दूरच.

डिस्प्ले बदलून मिळाला, समोर चालू करून दाखवला, एकही रेघ नाही. मी पैसे दिले.

खरी मेख इथे आहे. दुकानात रात्रभर बंद पडून राहिलेला लॅपटॉप गारच असतो. त्यात डिस्प्ले बदला, केबल काढून परत लावा किंवा काहीच करू नका, काउंटरवर तो नीटच दिसणार. तापण्यातून येणारा बिघाड लबाड माणसाच्या पथ्यावर पडतो तो असा. घरी एक मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला आणि नव्या डिस्प्लेवर त्याच जुन्या रेघा.

परत नेला तर सूर बदललेला. ‘‘डिस्प्ले गेलाच होता, आता ग्राफिक्स चिपही गेलीये. रिबॉलिंग करावं लागेल.’’ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी ही चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे बारीक गोळे नव्याने बसवायचे. हे किचकट काम आहे आणि त्याला वेगळं मशीन लागतं. रिबॉलिंगच्या नावाखाली पुष्कळदा नुसता हॉट एअरचा झोत मारला जातो. त्याने चिप काही आठवडे चालते आणि मग पुन्हा मान टाकते. चिपचे असे बिघाड मुळातच खोटे असतात असं नाही. काही लॅपटॉप चिपच्या पॅकेजिंगमधलं, म्हणजे चिपच्या आवरण-जोडणीतलं, मटेरियल कमकुवत असल्याचं ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २००८ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं, आणि २०१५ मध्ये अ‍ॅपलने २०११ ते २०१३ च्या काही मॅकबुक प्रोंची याच धर्तीच्या तक्रारींसाठी मोफत दुरुस्ती सुरू केली होती. म्हणूनच तर ही थाप पचते.

मी लॅपटॉप उचलला आणि ओळखीतल्या एका हार्डवेअरवाल्याकडे नेला. त्याने आधी एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर जोडला आणि मशीनला जड काम देऊन लोड टाकला. गरम झाल्यावर रेघा दोन्ही स्क्रीनवर एकदमच आल्या. बाहेरच्या मॉनिटरवरही रेघा येतात म्हणजे दोष पॅनेलचा, अर्थात डिस्प्लेचा, नाही, हे तिथेच स्पष्ट झालं. मग मागचं कव्हर काढलं. पंखा आणि उष्णता बाहेर सोडणाऱ्या हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये धुळीचा थर गोधडीच्या अस्तरासारखा दाबून बसला होता, चिमटीत धरून अख्खा निघाला. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट सुकून तिचे पोपडे झाले होते. साफसफाई, नवीन पेस्ट, मेमरीवरचे नवे थर्मल पॅड, बस्स. एवढ्यावर रेघा थांबल्या त्या थांबल्याच.

दोष पॅनेलचा आहे का हे तपासायला स्क्रीनशॉट काढून फोनवर बघायची युक्तीही चालते, पण अर्धीच. त्यात रेघा उमटल्या तर पॅनेल निर्दोष; नाही उमटल्या तर काहीच सिद्ध होत नाही. उलट, थंडगार लॅपटॉप सुरू केल्या केल्या रेघा येत असतील आणि झाकण हलवलं की कमीजास्त होत असतील, तर बिजागरीतून जाणारी केबल किंवा पॅनेलच बघावं लागतं. तिथे डिस्प्लेवाला खरंही बोलत असेल.

दुसरी फसवणूक तर त्या हार्डवेअरवाल्यानेच दाखवली, माझ्या लक्षातही आली नव्हती. ‘‘हा डिस्प्ले जरा बाजूने बघा,’’ तो म्हणाला. बाजूने रंग फिके, खालून पाहिलं तर चेहरे निगेटिव्हसारखे उलटे. माझ्या मॉडेलला कंपनीचं आयपीएस प्रकारचं पॅनेल येतं, त्यात असं होत नाही. बसवलेलं होतं स्वस्तातलं टीएन प्रकारचं. म्हणजे चांगलं चालणारं पॅनेल काढून घेतलं, हलकं बसवलं आणि वर त्याचे पैसेही घेतले. जुनं पॅनेल मागितलं तर उत्तर आलं, ‘‘ते स्क्रॅपमध्ये गेलं.’’

बिलावर ‘डिस्प्ले चेंज’ एवढंच आहे. ना जुन्या पॅनेलचा नंबर, ना नव्याचा, त्यामुळे भांडायलाही हाताशी कागद नाही. तुमचा लॅपटॉप अजून नीट चालत असेल तर एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये मॉनिटरच्या माहितीत पॅनेलचा मॉडेल नंबर सहसा दिसतो. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि दुरुस्तीला टाकताना तो नंबर पावतीवर लिहून घ्या.