शेअर्ड लाइव्हज, वर्षभरानंतर: माणूस झकास, पावत्यांनी जीव नको केला

दोन पौंड चाळीस पेन्स. एवढ्याशा रकमेवरून गेल्या आठवड्यात स्कीमच्या ऑफिसशी माझं वाजलं, म्हणून आज लिहायला बसलेय. नाहीतर उद्या-परवा करत वर्ष गेलंच होतं.

शेअर्ड लाइव्हज म्हणजे आधाराची गरज असलेल्या मोठ्या माणसाला मानधनावर आपल्या घरी, घरच्यासारखं ठेवून घ्यायची इथली स्कीम. बाकी दळण दळत नाही. आम्ही इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतो. घरात मी, नवरा, ए लेव्हलची, म्हणजे अकरावी-बारावीच्या वयाची मुलगी आणि गेल्या वर्षापासून साठीला टेकलेले एक इंग्रज गृहस्थ, ज्यांना लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बौद्धिक अपंगत्व आहे. नाव लिहिता येणार नाही, म्हणून इथे अण्णा म्हणते. जन्मभर आईपाशी राहिले, आई गेल्यावर काही काळ केअर होममध्ये. तिथे त्यांचं मन रमलं नाही, कारण तिथे रात्रीचं जेवण पाच वाजता. आमच्याकडे साडेसात. हे त्यांनी पहिल्या भेटीतच विचारून घेतलं होतं.

मंजुरीचं प्रकरण लांबलं तरी त्रासाचं नव्हतं. डीबीएस (नावावर गुन्हा नाही ना, याची तपासणी), रेफरन्स, घराची पाहणी, ट्रेनिंग, शेवटी मंजुरी देणारं पॅनेल. मॅचिंग, म्हणजे माणूस आणि घर जुळवणं, मात्र मनापासून केलं होतं. आधी चहाला आले, मग जेवायला, मग शनिवार-रविवार राहून गेले आणि दर वेळी निघताना ऑफिसने त्यांना वेगळं बोलावून विचारलं. आमच्याकडे लग्न जमवताना मुलीला एवढं विचारत नाहीत.

आता पावत्या.

अण्णांचे हातखर्चाचे पैसे वेगळे असतात. त्यातल्या प्रत्येक खर्चाची नोंद वहीत करायची: तारीख, कशावर, किती, शिल्लक, सही. आणि पावती चिकटवायची. ऐकायला सोपं आहे. पण आइस्क्रीमच्या गाडीवर पावती मिळत नाही. चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये मिळत नाही. आमचा न्हावी रोख घेतो आणि पावती मागितली की मी कर खात्यातून आल्यासारखा बघतो. चौघं मिळून चिप्स खायला गेलो की बिल एक, त्यात अण्णांचा वाटा वेगळा हवा. म्हणजे काउंटरवर मी म्हणणार, तीन एकत्र आणि एक वेगळं, आणि मागची रांग उसासे टाकणार. कहर झाला तो बिस्किटांच्या ऑफरमध्ये. दोन पुड्यांवर एक फुकट. दोन पैकी एक पुडा आमचा, एक अण्णांचा. मग फुकटचा कुणाचा? मी चेष्टेत विचारलं, कोऑर्डिनेटर बाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, ‘त्यांनाच विचारा.’ विचारलं. अण्णा म्हणाले, माझा. वहीत तशी नोंद आहे.

तर महिन्याच्या तपासणीत दोन पौंड चाळीस कमी भरले. अण्णांनी ते सुपरमार्केटच्या दारात देणगी गोळा करणाऱ्या लाइफबोटवाल्यांच्या डब्यात टाकले होते. मी समोर होते, पाहिलं होतं, तसं सांगितलंही. तेवढ्याने भागेना. लेखी खुलासा द्या, मग खुलासा ठरावीक फॉर्मवर द्या, मग फॉर्मवर अण्णांचीही सही घ्या. एवढ्या मेलामेलीत ऑफिसच्या माणसांच्या पगाराचे किती पौंड गेले, याची पावती कोण चिकटवणार?

कारण मला कळतं. २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये आर्थिक लुबाडणूक हा छळाचाच प्रकार धरलाय आणि तो योग्यच आहे. असल्या माणसांचे पैसे नातेवाइकांनी खाल्ल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. शिवाय सीक्यूसीकडे, म्हणजे केअर सेवांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी स्कीमची असते, आमच्या घराची नाही. इन्स्पेक्टर आले की ऑफिसला कागद दाखवावा लागतो आणि तो कागद म्हणजे माझी वही. म्हणून तिच्यावर एवढी नजर. पण हेच ऑफिस रेस्पाइटच्या, म्हणजे आम्ही सुट्टीवर असताना अण्णांना दुसऱ्या घरी ठेवण्याच्या बाबतीत कसं वागलं ते ऐका. दिवाळीला पुण्याला जायचं म्हणून मी फेब्रुवारीत तारखा दिल्या होत्या. बदली घर मिळालंय, हे पक्कं कळलं ऑक्टोबरमध्ये. तोवर विमानाची तिकिटं कुठल्या कुठे गेली. त्या फरकात अण्णांना दोन-तीन वर्षं आइस्क्रीम खाता आलं असतं. त्यावर खुलाशाचा फॉर्म कुणी भरला नाही. चिल्लरीवर पहारा आणि मोठ्या कामात ढिलाई, ही माझी खरी तक्रार.

पैशांबद्दल सगळे आडून आडून विचारतात, म्हणून सरळ सांगते. आम्ही नोकर नाही, स्वयंरोजगारी धरले जातो. पगारी रजा नाही, पेन्शन नाही, किमान वेतनाचा हिशेब लागू नाही. काळजीचं मानधन कौन्सिलकडून, भाड्याचा भाग घरभाड्याच्या सरकारी भत्त्यातून, जेवण आणि विजेपाण्याचा वाटा अण्णांच्या पैशातून. पहिल्या हिवाळ्यात गॅसचं बिल पाहून मी तीन स्टारच्या वर जायला तयार नव्हते. अण्णांना खोली गरम लागते आणि खिडकीही उघडी लागते. नंतर कर भरायची वेळ आली आणि मत बदललं. क्वालिफाइंग केअर रिलीफ ही करसवलत नीट वाचा. २०२३-२४ च्या करवर्षात घरामागे वर्षाला १८,१४० पौंड आणि वर मोठ्या माणसामागे आठवड्याला ४५० पौंड, एवढ्या रकमेपर्यंत कर लागत नव्हता. एक माणूस वर्षभर राहिला तर ४१,५४० व्हायचे. त्याआधी घरामागचा आकडा कितीतरी वर्षं १०,००० वरच अडकला होता. आता महागाईप्रमाणे वाढतो. आमचं मानधन त्या रेषेच्या पुष्कळ खाली आहे. म्हणजे हातात येतं ते आपलं. त्यामुळे पैशांच्या बाबतीत चार स्टार. विवरणपत्र मात्र भरावंच लागतं.

काही गोष्टींनी खरंच मजा आणली. अण्णांबरोबर सिनेमाला गेलं की सीईए कार्डावर माझं तिकीट फुकट. डिसेबल्ड रेलकार्डवर दोघांनाही एक तृतीयांश सूट. बसचा पास तर त्यांचा जीव की प्राण. तो कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतो, म्हणून आम्ही सव्वानऊलाच स्टॉपवर असतो आणि नऊ अठ्ठावीसला आलेली बस अण्णा ड्रायव्हरला हात करून पुढे घालवतात. मी एकदा म्हटलं, पैसे भरून चढू या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सासऱ्यांची आठवण झाली.

स्वयंपाकघरात त्यांचं एक काम ठरलेलं आहे. भाजलेले दाणे परातीत घेऊन मागच्या दारी बसायचं आणि सालं काढायची. चोळतात, फुंकतात, पुन्हा चोळतात. एकही तांबडं साल राहिलेलं चालत नाही. कूट होईपर्यंत तिथून हलत नाहीत आणि नंतर त्यातलं काही खात नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीला तर हातही लावत नाहीत, त्यांना टोस्ट लागतो. मुलीशी बोलणं बेताचंच, पण तिची परीक्षा असली की जिन्यावरून चवड्यावर चढतात.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात ऑफिसचा मेल आला. पाच पौंडांच्या आतल्या खर्चाला यापुढे पावती नको, वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या पुरे. माझ्या भांडणामुळे की आणखी कुणाच्या, देव जाणे. मी लगेच शेंगदाण्याची चिक्की काढली. पण शनिवारी चिप्सच्या दुकानात अण्णा काउंटरवरून हलेनात. हात पुढे करून उभे. पावती मिळाली, घडी न घालता खिशात ठेवली आणि मग बाहेर आले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी संध्याकाळी पावत्या चिकटवणं हे त्यांचं काम आहे. कात्रीने कडा सरळ करतात, ग्लू स्टिक फिरवतात, वरून मुठीने दाबतात, मग शिल्लक मोठ्याने वाचायला लावतात आणि सही करतात. सहीला चांगला वेळ लागतो. मी इतके दिवस शेजारी बसून चडफडत होते, आणि ते खुशीत असायचे. म्हणजे ऑफिसने सोडलं तरी अण्णा सोडायचे नाहीत. फुकटच्या पुड्याची पावतीसुद्धा त्यांना हवी. असो. आता चिडायला ऑफिसही उरलं नाही, याचाच राग येतोय.

रेस्पाइटचा घोळ मात्र जसाच्या तसा आहे आणि स्कीमला चार स्टार न मिळता साडेतीन मिळतायत ते त्यामुळेच. माणसाला पाच.

पुण्याहून दोन मैत्रिणींनी विचारलं, आपल्याकडे असं आहे का. दोघींची अशीच आधार लागणारी मुलं आता मोठी आहेत, प्रश्न ‘आमच्या पश्चात काय’ हाच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाची सोय आहे, घरौंदा ही योजनाही आहे. पण घरौंदा म्हणजे समूहनिवास, कुणाच्या कुटुंबातली खोली नव्हे.

इकडे करायचं मनात असेल तर सही करण्याआधी काही गोष्टी उरकून घ्या. गृहकर्ज देणाऱ्या बँकेला आणि घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा, तोंडी नको. रेस्पाइटचे दिवस, त्याचे पैसे आणि बदली माणूस शोधायची जबाबदारी कुणाची, हे करारात लिहून घ्या. ‘आम्ही प्रयत्न करू’ हे वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा. दुसरं बाथरूम नसेल तर सकाळची वेळ आधी ठरवा, अण्णांना पाऊण तास लागतो. घरी येणाऱ्या माणसासाठी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) वर्षातून एकदा होणारी आरोग्य तपासणी मागून घ्या, तो हक्क आहे. आणि वही, ग्लू स्टिक, प्रिंटरची शाई हा सगळा खर्च आपल्याच खिशातून. वरची करसवलत घेतली की असले खर्च वेगळे दाखवता येत नाहीत, मी विचारून पाहिलंय.