लेगोच्या पांढऱ्या पार्टसाठी 27,450 रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

27,450 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे ‘गेले असतील हजार-दोन हजार’ असं कुणी समजू नये. लेगोचे, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे, सुटे ओरिजिनल पार्ट विकतो म्हणून एकाने माझ्याकडून हे पैसे काढले आणि गळ्यात मारला नकली प्लास्टिकचा ढीग. लाज वाटते, वाटणारच. घरात सांगायलाही जीभ रेटत नव्हती. पण तो माणूस आजही उजळ माथ्याने विकतोय, म्हणून लिहिते आहे.

मी मायक्रोस्केल मॉडेलं करते. छोटी माणसं उभी करण्याच्या मापात नाही, त्याहून कितीतरी लहान. सध्या ताजमहाल घेतला आहे, 1:500 प्रमाणात. कंपनीचा स्वतःचा मोठा ताजमहाल आहे, 2008 सालचा, 5,922 तुकड्यांचा. मला तो नको होता, स्वतः मापं काढून केलेला हवा होता. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; एका स्टडची जागा 8 मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात प्रत्यक्षातले 4 मीटर. चौथरा साधारण 95 मीटर चौरस, तो बसतो 24 स्टडमध्ये. मिनार 40 मीटरच्या वर, म्हणजे गोल 1×1 (एकाच स्टडचे) ब्रिक 9 रचले की झाला. असल्या कामाला एखादा सेट फोडून भागत नाही. 1×1 प्लेट (चपटा ठोकळा), चीज स्लोप (छोटा तिरपा तुकडा), अर्ध्या स्टडने सरकवायला जम्पर (मधोमध एकच स्टड असलेली प्लेट), बाजूने टाइल (वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा) लावायला हेडलाइट ब्रिक (कडेलाही स्टड असलेला), हे सगळं शेकड्यांनी लागतं आणि एकाच पांढऱ्या रंगात लागतं. जुना पांढरा लेगो उन्हाने पिवळा पडतो, हे ज्याने हाताळलाय त्याला माहीत आहे. दहा जणांकडून दहा-दहा तुकडे गोळा केले तर भिंतीवर ठिगळं दिसतात.

त्यामुळे ‘एकाच कलेक्शनमधले पांढरे पार्ट, कपाटात बंद ठेवलेले, सॉर्ट केलेले, एकूण 3,000’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मी थांबले. कोणीही थांबलं असतं. त्याने जाहिरातीत पार्ट नंबर दिले होते: 3024, 54200, 4070. खेळण्यांचा रद्दीवाला असं लिहीत नाही. ज्याला आपली भूक माहीत आहे तोच असं लिहितो.

मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, हे आधी सांगते, कारण ‘तपासायचं होतंस’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. मी नमुना मागितला. त्याने 20 तुकडे पाठवले, फुकट. अस्सल तुकड्याच्या स्टडवर LEGO अशी बारीक अक्षरं असतात, ती प्रत्येक स्टडवर मी भिंगाखाली पाहिली. घरातल्या प्लेटवर दाबून पाहिले, पकड चोख. विसाच्या वीस अस्सल. आता कळतं की नमुना अस्सलच असणार, त्यासाठीच तो असतो. नमुना मागायचाच असेल तर तो विकणाऱ्याने निवडलेला नको. व्हिडिओवर ढिगात हात घालायला लावा आणि कुठला तुकडा उचलायचा ते तुम्ही सांगा.

टोकन 2,000 जाहिरात जिथे होती त्या ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मवरून दिले. उरलेले 21,600 थेट खात्यात, कारण ‘कमिशन वाचेल, तेवढेच तुम्हाला कमी लावतो’. मग माल निघाल्यावर 3,850 आणखी: कुरिअरकडे अडकलाय, विमा भरावा लागतोय, माल पोचला की परत देतो. हा शेवटचा प्रकार तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. मलाही होता. पण आधीचे 23,600 त्याच्याकडे अडकलेले असताना 3,850 साठी माघार कोण घेतं? या लोकांचं पोट याच हिशेबावर चालतं.

आता तो व्हिडिओ कॉल. 21,600 पाठवण्याच्या आधीचा. रोज रात्री तो डोळ्यांसमोर येतो आणि जीव जळतो.

त्याने कॅमेरा एका ट्रेवर धरला. कप्प्याकप्प्यांचा ट्रे, प्रत्येक कप्प्यात पांढरे पार्ट, नीट लावलेले. मी म्हटलं, जवळ घ्या. त्याने घेतला. 1×1 प्लेटच्या कप्प्यात एकूण एक प्लेट पालथी होती. पोकळ बाजू वर, स्टड खाली. शेजारच्या कप्प्यातल्या जम्परही पालथ्या. सांडलेले ठोकळे असे पडत नाहीत. काही उताणे, काही आडवे, काही एकमेकांत अडकलेले, असेच पडतात. शेकडो तुकडे एकजात पालथे पडायचे तर कुणीतरी बसून एकेक उलटवावा लागतो. स्टडवर अक्षरं नाहीत हे लपवायला त्याने तेवढी मेहनत घेतली होती. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात काय आलं? किती नीटनेटका माणूस आहे! त्या क्षणी ‘एक प्लेट उलटी करून दाखवा’ एवढं म्हणायचं होतं. चार-पाच शब्द. त्याने तेवढ्यात भिंतीवरची तयार मॉडेलं दाखवायला कॅमेरा वळवला आणि बोलणं तिकडे गेलं. ते वळवणंसुद्धा ठरवलेलंच होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

लिहून ठेवा: ट्रेमध्ये स्टड दिसत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

खोकं आलं. वरच्या दोन पिशव्या अस्सल, बाकी सगळा नकली माल. पांढरा रंगसुद्धा एक नाही, काही निळसर, काही दुधाळ. स्टड कोरे. मी तरी चौथऱ्याची एक ओळ लावून पाहिली. अस्सल 1×1 ची रुंदी 7.8 मिलिमीटर असते, म्हणजे प्रत्येकाला 0.2 ची मोकळीक राहते, म्हणून 24 शेजारी-शेजारी सुखाने बसतात. याच्या तुकड्यांना मोकळीकच नव्हती. काही कॅलिपरवर (बारीक मापं घ्यायच्या साधनावर) 8 च्या वर भरले. पंधराव्या-सोळाव्या तुकड्यापाशी खालची प्लेट कमानीसारखी वर उचलली गेली आणि टोकाचे तुकडे टपाटप सुटले. मोठ्या मॉडेलमध्ये असा दोष कदाचित खपून जातो. मायक्रोस्केलमध्ये सगळं कामच मिलिमीटरच्या खालचं, तिथे लपवायला जागा नाही.

इतर कंपन्यांचे ठोकळे वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. लेगोच्या ठोकळ्याचं 1958 सालचं पेटंट कधीच संपलं, आणि 2010 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठोकळ्याच्या आकाराला ट्रेडमार्क द्यायलाही नकार दिला. ज्याला बनवायचे त्याने बनवावेत, स्वतःच्या नावाने विकावेत. माझ्याकडून ओरिजिनलचे पैसे घेतले गेले, तक्रार त्याची आहे.

आणि ही साधी गोष्ट एकाही अधिकाऱ्याच्या डोक्यात शिरली नाही. प्लॅटफॉर्मवाल्यांचं उत्तर आलं: ऑर्डर डिलिव्हर झालेली आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. डिलिव्हर काय झालं ते कुणी पाहिलं? मी फोटो पाठवले, दोन स्टड शेजारी ठेवून, एकावर अक्षरं, एक कोरा. उत्तर तेच, शब्दन् शब्द तेच. 21,600 बाहेरून दिलेत म्हणून ती आमची जबाबदारी नाही, ठीक. मग आतून दिलेल्या 2,000 चं काय? त्यावर चकार शब्द नाही. आणि ते खातं बंद का करत नाही? ‘गोपनीयतेच्या कारणास्तव इतर वापरकर्त्यांवरील कारवाई सांगता येत नाही.’ गोपनीयता चोराची. माझं नाव, पत्ता, फोन नंबर त्याच्याकडे आहेत, त्या गोपनीयतेचं कुणाला पडलेलं नाही.

बँकेत गेले. ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे.’ अहो, अधिकृत आहे म्हणूनच तर फसवणूक आहे, चोरी असती तर ओटीपी कशाला लागला असता? ज्या खात्यात पैसे गेले ते निदान गोठवा म्हटलं तर ते दुसऱ्या बँकेचं, तिकडे जा. तिकडे गेले तर तुम्ही आमच्या ग्राहक नाही.

पोलिसांकडे तर पहिला प्रश्न ‘मुलासाठी घेतलं होतं का?’ नाही, माझ्यासाठी. समोरच्याने शेजारच्याकडे पाहिलं आणि दोघं हसले. मग म्हणे, ठोकळे मागितले, ठोकळे मिळाले, यात गुन्हा कुठे? कुणी सोन्याच्या भावात पितळ विकलं तर हे असं विचारतील का? मी अस्सल आणि नकली तुकडा टेबलावर ठेवला. त्याने हातात घेऊनही पाहिला नाही. ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.’ अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून घ्यावी लागली. आरोपीचा म्हणून मी दिलेला फोन नंबर त्यांनी एकदा लावून पाहिला असता तरी कळलं असतं, तो तेव्हा चालू होता. आता बंद आहे. बायकांचा छंद, त्यात खेळणी, त्यात प्लास्टिक. यांच्या लेखी ते पैसेच नव्हते. माझ्या पगारातले होते ते.

पोच मात्र सोडू नका. तोंडी सांगितलेलं कुणी ओळखत नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आतले थरही दिसू द्या, फक्त वरची पिशवी नको. पार्सलवरचं वजन लिहून ठेवा. कलेक्शन नव्वदच्या दशकातलं म्हणत असेल तर राखाडी तुकडा मागा: लेगोने 2004 च्या सुमारास राखाडी रंग बदलून निळसर केला, म्हणून ‘1998 चा’ निळसर राखाडी दिसला की समजा थाप आहे. आणि कमिशन वाचवायला कुणी प्लॅटफॉर्मबाहेर बोलावलं तर ते कमिशन भरा. मुकाट भरा.

ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, अर्ज दिला आहे, तारीख लागायची आहे. नकली तुकडे मी सीलबंद करून ठेवलेत, पुरावा म्हणून. कितीही लोकांनी ‘विकून टाक, थोडे पैसे सुटतील’ म्हटलं तरी मी ते कुणाच्या गळ्यात मारणार नाही. त्याची नवी जाहिरात दुसऱ्या नावाने लागली आहे, या वेळी टॅन (फिकट बदामी) रंगाचे पार्ट, 2,500 तुकडे म्हणतोय. फोटोत कप्प्यांचा तोच ट्रे आहे आणि सगळे तुकडे पालथे आहेत. कुणाचं त्याच्याशी बोलणं चालू असेल तर पैसे पाठवू नका, बोलण्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. दोन अर्ज एकत्र गेले तर निदान दिवाणी बाब म्हणून हाकलून देता येणार नाही.