एका गाळ्यातलं ग्रूमिंग: एक मोटारीचा ड्रायर घ्यावा की दोन मोटारींचा?

एक टब, एक टेबल, काम करणारी एक-दोन माणसं आणि दिवसाला पाच-सहा कुत्री, एवढा पसारा गृहीत धरून हे लिहितोय. कॅबिनेट ड्रायर मी यात धरलेलाच नाही. कुत्रं पेटीत ठेवून दुसऱ्या कामाला लागण्याचा मोह एकट्या माणसाला होतोच, आणि पग, बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बंद जागेतली गरम हवा जिवावर बेतू शकते. उरतात दोन पर्याय: नॉबने वारा कमी-जास्त होणारा एक मोटारीचा ब्लोअर, किंवा दोन मोटारींचा, दोन स्विचचा, बहुधा हीटरसकट येणारा.

जोरात दोन मोटारी पुढे आहेत, यात वाद नाही. ब्लोअरचं खरं काम पाणी वाळवण्याचं नसून ते केसांतून ढकलून बाहेर काढण्याचं आहे, आणि हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन यांच्या आतल्या दाट लोकरीत हा जोर लगेच जाणवतो. टॉवेलने नीट टिपून घेतलेला लॅब्रॅडोर माझ्या हाती एका मोटारीवर अर्ध्या तासात कोरडा होतो, दोन मोटारींवर वीस-बावीस मिनिटांत. तुमच्याकडे आठवड्याला बहुतांश मोठी, दाट केसांची कुत्री येत असतील तर हा फरक मोलाचा आहे. शिह त्झू, ल्हासा, पॉम, बीगल यांचीच गर्दी असेल तर तेवढा जोर वापरायची वेळच क्वचित येते. लांब केसांवर तर तो उलट नडतो. टोकदार नोझल लावून पूर्ण वारा सोडला की केसांची टोकं चाबकासारखी फडफडून एकमेकांत गुंततात, आणि त्या गाठी सोडवण्यात वाचवलेला वेळ निघून जातो. अशा केसांना नोझल काढून, वीतभर लांबून, मंद वारा लागतो. शेवटची दहा मिनिटं ब्रश आणि स्टँड ड्रायर (दांड्यावर बसवलेला, हात मोकळे ठेवणारा).

मंद वाऱ्यात नॉबवाला सरस आहे. तो फुंकरीपासून सुरू होतो, म्हणजे आधी मागच्या पायांवर, मग पाठीवर, असं चढवत नेता येतं. दोन स्विचवाल्याचा पहिला स्विचच चांगला दणका देतो. नवं पिल्लू तिथेच बिथरतं आणि पुढच्या वेळी टेबलावर चढताना थरथरतं. मात्र नॉबमागचं सर्किट कधीकधी शॉर्ट होतं, आणि तसं झालं की मशीन सुरू करताच थेट पूर्ण वेगाने धावतं. म्हणून सुरू करताना नोझल कायम कुत्र्यापासून दुसरीकडे धरा. चेहरा आणि कानाची भोकं यांवर ब्लोअर मारायचा नाही, हे दोन्ही मशिनना सारखंच लागू.

दोन मोटारींच्या बाजूने एक चांगला मुद्दा नेहमी मांडला जातो: एक बंद पडली तरी दुसरीवर दिवस निभावतो. हे खरं आहे, पण सगळ्या मशिनना नाही. आत झडप नसेल तर चालू मोटारीची बरीच हवा बंद मोटारीतून उलटी बाहेर पडते. दुकानातच एक स्विच चालू करून दुसऱ्या मोटारीच्या तोंडाशी हात धरा. हाताला वारा लागला तर झडप नाही, आणि मग एका मोटारीवरचं काम अर्ध्याहूनही कमी जोराचं होतं.

आता माझ्यापुरता निकाल लावणारी गोष्ट: फिल्टर. माहितीपत्रकात त्याला एक ओळही मिळत नाही. मी हाताळलेल्या दोन मोटारींच्या मशिनांत हवा खालून किंवा मागून आत जाते आणि जाळी चार स्क्रूंनी बसवलेली असते. एका खोलीच्या गाळ्यात धुणं, वाळवणं, कापणं एकाच हवेत चालतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी केसगळती सुरू झाली की एका हस्कीत जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. दर दोन-तीन कुत्र्यांनंतर ओल्या हातांनी मशीन उलटं करून चार स्क्रू काढायचे, ही गोष्ट पहिले आठ दिवस होते. मग ती रविवारवर जाते, मग महिन्यावर.

फिल्टर तुंबला की काय होतं ते आवाजात कळतं. हवा कमी मिळाल्यावर पंख्यावरचा भार घटतो, मोटर जास्त वेगाने फिरते, आवाज वरच्या पट्टीत जातो आणि वारा मात्र पडतो. आवाज आणि वारा दोन्ही पडले तर दोष फिल्टरचा नाही. झिजलेले कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) किंवा कमी व्होल्टेज बघा. तुंबलेल्या मशिनची मोटर त्याच हवेवर थंड होत असते, त्यामुळे आधी ती तापते आणि पुढे वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळतं. हीटर चालू असेल तर धोका कुत्र्याला आहे: तेवढीच उष्णता कमी हवेत शिरते आणि नोझलमधून भाजणारा झोत येतो. मनगटाच्या आतल्या बाजूवर वीतभर अंतरावरून झोत धरून दहा आकडे मोजा. सोसवला नाही तर हीटर बंद. एरवीही मोटारीतून जाताना हवा कोमट होतेच, त्यामुळे मुंबई-ठाण्याला हीटरची गरज मला फारशी वाटत नाही. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरच्या सकाळी वाटते, पण तेव्हाही त्याचा स्विच वेगळा असलेलं मशीनच घ्या.

नॉबवाल्या एक मोटारीच्या बऱ्याच मशिनांत फिल्टरचं झाकण बाहेर असतं आणि बोटाने फिरवून निघतं. स्पंज काढा, झटका, दुसरा घाला. एक मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून ते रोज होतं. स्पंज दोन ठेवा, एक धुऊन वाळत असताना दुसरा मशिनमध्ये. ओला स्पंज घालू नका आणि स्पंजाशिवाय तर पाच मिनिटंही चालवू नका. केस पंख्याच्या मुळाशी गुंडाळले जाऊन बेअरिंगवर जातात. कोणतंही मशीन जमिनीवर नको. भिंतीला ब्रॅकेट मारून तीन फूट उंचीवर ठेवलं की जमिनीवरचे केस आत ओढले जात नाहीत.

म्हणून माझा कल एक मोटारीच्या नॉबवाल्या मशिनकडे झुकतो. दोन मोटारींचा जास्तीचा जोर कागदावर आहे. तुंबलेल्या जाळीमागे त्यातला बराचसा हातात येत नाही. दोन टेबलं, वाळवण्याची वेगळी खोली आणि साफसफाईला माणूस असेल तर माझं मत कदाचित उलट होईल. दोन मोटारींचं मशीन आधीच घेतलेलं असेल तर ते बदलू नका. जाळीचे चार स्क्रू काढून त्याच मापाचे हाताने फिरणारे पाकळीचे स्क्रू लावा, अर्धी कटकट मिटते.

विजेचा हिशेब मात्र घेण्याआधीच करा. मशिनवरच्या पट्टीवर १८०० वॅट लिहिलं असेल तर २३० व्होल्टला साधारण ८ अँपिअर, ३००० असेल तर १३. त्यात २००० वॅटच्या गीझरचे ९ आणि दीड टनाच्या एसीचे अंदाजे ७ मिळवा. दोन मोटारींसह बेरीज २९ वर जाते. भाड्याच्या गाळ्यातली जुनी वायरिंग एवढा भार तासन्‌तास सोसेलच असं नाही. ड्रायरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ओली फरशी असल्याने ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), हे दोन्ही पर्यायांना हवंच. बाहेरून आयात झालेल्या मशिनला चपट्या पिनांचा टॉप (प्लग) असला तर मल्टीप्लग लावू नका. ढिल्या पिना तापून प्लास्टिक वितळतं. टॉप कापून १६ अँपिअरचा आयएसआय टॉप वायरमनकडून बसवून घ्या, अर्थिंगची वायर जोडल्याची खात्री करून.

पावसाळ्यात मशीन कुठलंही असलं तरी खोलीची हवाच ओली असते. एक्झॉस्ट फॅन किंवा एसीचा ड्राय मोड चालू ठेवा, नाहीतर काखेत, कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी ओल राहते आणि दोन दिवसांनी तिथे लाल, चिकट चट्टा उठतो.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: या मोटारीचे कार्बन कोणत्या मापाचे, होज पाइप सुटा मिळतो का, आणि स्पंज सुटा मिळतो का. कार्बन जोडीनेच बदलतात आणि नवे बसवल्यावर पहिला अर्धा तास मशीन कमी वेगावर फिरवतात. ठिणग्या वाढल्यावरही तसंच रेटलं तर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, खराब होतं. होज नेहमी कफजवळ, म्हणजे टोकाच्या जोडाजवळ, फाटतो. कफ आट्यांचा असेल तर फाटका तुकडा कापून तोच पाइप पुन्हा पिळून बसवता येतो, चिकटवलेला असेल तर अख्खा पाइप नवा घ्यावा लागतो. कफ फिरतो का, ते दुकानातच पिळून बघा.