फुटाळ्याचा खंड्या आणि गिम्प: पक्ष्यांच्या छायाचित्रांसाठी एका मोफत सॉफ्टवेअरचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर एका वाळक्या फांदीवर बसलेल्या खंड्याचे छायाचित्र मला मिळाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिल्यावर त्याच्या लाल चोचीच्या टोकावरचा पाण्याचा थेंबसुद्धा दिसत होता. संध्याकाळी तेच छायाचित्र जसेच्या तसे आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकले, तेव्हा मात्र करड्या पाण्याच्या मोठ्या चौकोनात मधोमध एक निळसर ठिपका उरला होता, आणि तो खंड्या आहे हे मलाच लिहून सांगावे लागले. छायाचित्र काढणे आणि ते लोकांना दाखवण्याजोगे करणे ही दोन वेगळी कामे आहेत हे त्या दिवशी कळले. दुसऱ्या कामासाठी पैसे खर्च करण्याची तयारी नव्हती म्हणून गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतले.

स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिम्पचे काम सुरू केले होते. आज जगभरातील स्वयंसेवक ते सांभाळतात, आणि मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. मी वापरतो ती हीच आवृत्ती, आणि पुढचे सगळे मत नवशिक्याच्या एकाच गरजेपुरते आहे: पक्ष्याचे छायाचित्र नीट कापावे, त्याचा उजेड सुधारावा, ते लहान करावे आणि इंटरनेटवर टाकावे.

पहिल्यांदा उघडल्यावर गिम्प घाबरवते, हे आधीच सांगितलेले बरे. डावीकडे हत्यारांची रांग, उजवीकडे थरांची चौकट, वर मेनूंमध्ये मेनू, आणि आपल्याला हवे असलेले काम त्यात नेमके कुठे दडले आहे याचा काही पत्ता नाही. पहिला आठवडा मी नुसता शोधण्यात घालवला. पण पक्ष्यांच्या छायाचित्रांना यातली सहा-सातच हत्यारे लागतात, आणि ती एकदा हाताखाली आली की बाकीच्या पसाऱ्याकडे लक्षही जात नाही.

खंड्याच्या छायाचित्रात तलावाचा पलीकडचा काठ तिरपा आला होता. मेझर नावाच्या हत्याराने त्या काठावरून एक रेघ ओढायची आणि 'स्ट्रेटन' दाबायचे, एवढ्यात तो सरळ झाला. नंतर कापणी. माझ्या कॅमेऱ्याची पूर्ण चौकट ४६०८ × ३४५६ पिक्सेलची असते, आणि त्यात खंड्याची उंची जेमतेम ९०० पिक्सेल भरत होती. क्रॉप हत्यारात ३:२ हे प्रमाण पक्के करून मी २४०० × १६०० चा तुकडा कापला. पक्ष्याची नजर ज्या बाजूला आहे त्या बाजूला मोकळी जागा जास्त ठेवली, कारण ती नसली तर पक्षी भिंतीवर डोके टेकवून बसल्यासारखा वाटतो. चौकटीवर तीन भागांच्या मार्गदर्शक रेषा दाखवण्याची सोय याच हत्यारात आहे आणि ती नवशिक्याला फार उपयोगी पडते.

उजेडाच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवरत्या ठेवाव्या लागतात. नागपुरात फेब्रुवारी उलटला की सकाळी आठनंतरचे ऊन इतके पांढरे होते की बगळ्याच्या पाठीवरची पिसे वेगवेगळी उमटतच नाहीत, नुसता चुन्याचा ठिपका उमटतो. जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेल्या नेहमीच्या छायाचित्रात जो भाग पूर्ण पांढरा झाला, तिथली पिसे कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. खंड्याचा गळा आणि छातीही पांढरीच असते, पण ते छायाचित्र सकाळी लवकर काढलेले असल्यामुळे बचावले. 'शॅडोज-हायलाइट्स' या सोयीने त्याच्या तपकिरी डोक्यावरचा अंधार थोडा उजळला आणि काळा मणी वाटणाऱ्या डोळ्यात प्रकाशाचा कण दिसू लागला. हीच पट्टी मी अंबाझरीच्या एका पाणकावळ्यावर जास्त ओढली, तेव्हा त्याच्या काळ्या पंखांवर रंगीत रवा उठला. सावली उजळताना तिच्यात लपलेला नॉइजही उजळतो, त्यामुळे थोडक्यात भागवणे बरे.

गिम्प मला खऱ्या अर्थाने आवडले ते आकार लहान करण्याच्या पायरीवर. 'इमेज' मेनूतील 'स्केल इमेज' उघडून रुंदी १६०० लिहिली की उंची आपोआप १०६७ होते. म्हणजे मूळ १६ मेगापिक्सेलच्या चौकटीतून पावणेदोन मेगापिक्सेलपेक्षाही थोडे कमी उरतात आणि मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्याला तेवढे पुरेसे होतात. त्याच खिडकीत रिझोल्यूशनचा रकाना असतो आणि 'वेबसाठी ७२ ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. छापताना इंचाला किती पिक्सेल बसवायचे एवढेच तो आकडा सांगतो. पडद्यावर ७२ लिहिले काय आणि ३०० लिहिले काय, १६०० पिक्सेलचे छायाचित्र १६०० पिक्सेलचेच राहते.

रुंदी आणि उंची यांच्या मध्ये साखळीचे एक छोटे चिन्ह असते. ते चुकून तुटले की दोन्ही मापे स्वतंत्र होतात आणि पक्षी लांबट किंवा बुटका होतो. माझ्याकडून हे एका शेकाट्याच्या छायाचित्रात झाले, आणि शेकाट्याचे पाय मुळातच काडीसारखे लांब असल्यामुळे काही बिघडले आहे हे माझ्या लक्षातच आले नाही. गटातील एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "हा शेकाट्याच ना, की रोहित पक्षी नागपुरात उतरला?" तेव्हापासून साखळी आधी बघतो आणि आकडे नंतर लिहितो.

छायाचित्र लहान केले की ते किंचित मऊ पडते. अनेक पिक्सेलांचे मिळून एक पिक्सेल होते, त्यात पिसांच्या बारीक कडा विरघळतात. म्हणून धार देण्याचे काम, म्हणजे 'शार्पन (अनशार्प मास्क)', लहान केल्यानंतर सर्वांत शेवटी करायचे असते. सुरुवातीला मी ते पूर्ण आकारावर आधीच करून टाकत असे आणि लहान केल्यावर ती धार कुठे गेली याचे नवल करत बसे. माझ्या मोबाइलमधील ॲपमध्ये आकार फक्त साठवताना बदलतो, त्यामुळे हा क्रम तिथे पाळताच येत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी गिम्पचा सगळा पसारा सहन करायला तयार आहे. त्रिज्या, म्हणजे धार कडेभोवती किती पिक्सेल पसरावी तो आकडा, सुरुवातीला ३ दिसते. ती १६०० पिक्सेलच्या छायाचित्राला फार होते आणि पक्ष्याभोवती पांढरट कडा उमटते, जणू कोणी कात्रीने कापून चिकटवला आहे. मी त्रिज्या ०.६ ते ०.८ आणि अमाउंट, म्हणजे धारेचा जोर, ०.५ च्या आसपास ठेवतो. त्याआधी 'फ्री सिलेक्ट'ने पक्ष्याभोवती कुंपण घालून त्याची कड थोडी मऊ केली, तर मागचे धूसर पाणी धारेपासून वाचते आणि त्यावर दाणे येत नाहीत. खंड्याच्या पाठीवरच्या निळ्या पिसांचे पदर या पायरीनंतर एकेक करून वेगळे दिसू लागले.

उलट दिशेचा प्रयोग मात्र कोणी करू नये. सेमिनरी हिल्सवर उंच वडाच्या शेंड्याला बसलेला तांबट माझ्या चौकटीत ३०० पिक्सेलही भरला नव्हता. त्याला ओढूनताणून १६०० पर्यंत नेले, तर पक्ष्याऐवजी हिरव्या-लाल रंगाचा लगदा मिळाला. तो तांबट आता फक्त माझ्या नोंदवहीत आहे.

साठवण्याची पद्धत नवख्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकते. गिम्पमध्ये 'सेव्ह' केले की स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातली फाइल तयार होते. जेपेग हवे असेल तर 'एक्सपोर्ट ॲज' वापरावे लागते. याच मेनूत 'ओव्हरराइट' असाही एक पर्याय असतो, आणि एका हळद्याच्या छायाचित्रावर मी घाईत तोच दाबला. मूळ ४६०८ पिक्सेलच्या फाइलच्या जागी १२०० पिक्सेलची बारकी फाइल बसली, आणि कार्डावरून तोवर सगळे पुसून झाले होते. चूक पूर्णपणे माझी होती. आता मूळ छायाचित्रांची प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्याशिवाय मी गिम्प उघडत नाही.

एक्सपोर्टच्या खिडकीत गुणवत्तेची पट्टी ९० वर असते. 'शो प्रिव्ह्यू' वर खूण केली की पट्टी सरकवताना फाइलचा आकार लगेच बदलताना दिसतो, आणि निकाल शेजारीच छायाचित्रात पाहता येतो. खंड्याला ८५ पुरेसे झाले. ७० च्या खाली उतरल्यावर मागच्या पाण्यात चौकोनी डाग दिसू लागले. याच खिडकीत एक्झिफ, म्हणजे छायाचित्राच्या फाइलमध्येच दडलेली कॅमेऱ्याची आणि वेळ-जागेची माहिती, ठेवायची की नाही हेही विचारले जाते. मोबाइलवरून काढलेल्या छायाचित्रांत बहुधा जागेचे अक्षांश-रेखांश असतात, म्हणून घरटे किंवा पिंगळ्याची ढोली असेल तर ती खूण मी काढून टाकतो. हौशी गर्दी एकदा ढोलीपाशी पोहोचली की पिंगळे तिथे टिकत नाहीत.

एक मर्यादा मात्र विकत घेण्याआधी नव्हे, तर डाउनलोड करण्याआधी माहीत असावी: गिम्प रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, स्वतः उघडत नाही. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर सोबत बसवावे लागते, मग रॉ फाइल आधी त्यात उघडते आणि तिथून गिम्पमध्ये येते. उन्हात पांढऱ्या पडणाऱ्या बगळ्यांसाठी मला शेवटी त्याच वाटेने जावे लागणार असे दिसते. जेपेगवर काम करणाऱ्याला मी गिम्पला पाचपैकी चार गुण देईन. रॉवर काम करणाऱ्याने त्यातला एक काढून घ्यावा.

खंड्याचे सुधारलेले छायाचित्र गटात पुन्हा टाकताना मी ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण फोटो म्हणून पाठवले की ते पुन्हा दाबले जाऊन मेहनतीने दिलेली धार निघून जाते. शेकाट्याची चेष्टा करणाऱ्या काकांचा थोड्या वेळाने निरोप आला: "चोचीवर थेंब आहे का रे, की माझ्या चष्म्यावर?"