बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट: लीड्समध्ये दोन वर्षं उण्यात राहून

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. इंग्लंडमध्ये पदवीला असाल आणि बँकेचं स्टुडंट अकाउंट मिळत असेल, तर बिनव्याजी ओव्हरड्राफ्टसकट (म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत खातं उण्यात नेण्याच्या सोयीसकट, पुढे तिला ओडी म्हणते) घ्या. त्याचा खरा उपयोग तारखा जुळवायला होतो. मुळात पैसेच कमी असतील, तर त्याने फक्त रडणं पुढे ढकललं जातं.

मी सप्टेंबर २०२४ मध्ये लीड्सला आले. खातं त्याआधीच, स्लाउला घरी असताना उघडलं होतं. आता दुसरं वर्ष संपत आलंय, म्हणजे लिहायला पुरेसा अनुभव झालाय. माझ्या बँकेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि अटी दर उन्हाळ्यात बदलतात. मी लिहिलेला आकडा धरून कुणी सप्टेंबरमध्ये बँकेशी भांडायला नको.

हे खातं कुणाला मिळतं, ते आधी. पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम हवा, यूकासचा (इथल्या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेचा) सोळा अंकी कोड हवा, आणि बहुतेक बँकांना तुम्ही साधारण तीन वर्षं तरी ब्रिटनमध्ये राहिलेले हवे असता. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा मी सहावीत होते, आईबाबांना कायम वास्तव्याचा परवाना मिळालाय, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही मी या चौकटीत बसले. पुण्यामुंबईहून थेट एमएस्सीला येणारे बसत नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते, कारण माझा आतेभाऊ त्यातलाच.

घरात या खात्यावर जी चर्चा झाली ती मजेची होती. आईने विचारलं, "उणे म्हणजे कर्जच ना गं?" बाबा म्हणाले, "दादाच्या दुकानाला बँकेचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, आहे ना, तसंच. लिमिट ठरलेलं, वापरू तेवढंच." "आणि व्याज?" "तेच तर, हिला व्याज नाही." आईचा विश्वास बसला नाही. बँक फुकट काही देत नाही हे तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. बँकेला पुढची चाळीस वर्षं टिकणारं गिऱ्हाईक हवं असतं. पहिलं खातं जिथे, तिथेच माणूस पगार घेतो, गृहकर्ज घेतो. त्यासाठी काही वर्षांचं व्याज सोडणं त्यांना परवडतं.

निवडताना मी दोन गोष्टी तोलल्या. सॅन्टॅन्डर चार वर्षांचं १६-२५ रेलकार्ड देत होती आणि पहिली तीन वर्षं १,५०० पौंडांपर्यंत बिनव्याजी ओडी. नेशनवाइड पहिल्या वर्षी १,०००, दुसऱ्या वर्षी २,००० आणि तिसऱ्या वर्षी ३,००० पर्यंत. इथे सगळे जाणकार एकच सांगतात: भेटवस्तू बघू नका, ओडी बघा. मला हे अर्धंच पटतं. रेलकार्डाने तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते आणि एका वर्षाचं कार्ड आता ३५ पौंडांना आहे. लीड्सहून स्लाउला लंडनमार्गे वर्षातून पाचसहा वेळा जायचं, तर हे कार्ड तुमच्यासाठी दरवर्षी खणखणीत पैसे वाचवतं. जी मुलगी कधी हजाराच्या खाली जाणारच नाही, तिला तीन हजारांचं लिमिट घेऊन काय करायचंय? मी मात्र जाणार हे मला माहीत होतं, म्हणून मी तिसरीच एक बँक घेतली, जिचं लिमिट पहिल्या सत्रात ५०० आणि नंतर १,५०० होतं. रेलकार्ड स्वतःच्या पैशाने काढलं.

पहिलं वर्ष हॉलमध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात गेलं. तिथलं गणित सोपं होतं. मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्याखाण्यासाठीचं सरकारी कर्ज, तीन हप्त्यांत येतं, दर सत्राच्या सुरुवातीला. पूर्ण लोन (लंडनबाहेर, घरापासून दूर राहणाऱ्याला २०२४-२५ साठी १०,२२७ पौंड) कुटुंबाचं उत्पन्न २५,००० च्या आत असेल तरच मिळतं, आणि ही २५,००० ची रेषा २००८ पासून हललेली नाही. आमच्या घरी दोघं कमावतात, म्हणून माझा हप्ता दोन हजारांच्या आसपास. हॉलच्या भाड्याचा हप्ता दोन हजार शंभर. म्हणजे सरकारकडून पैसे आले, हॉलला गेले, आणि मी ऑक्टोबरच्या मध्यावर उण्यात. जेवणखाण बाबांच्या तीनशेवर, जे त्यांच्या पगारानंतर, अठ्ठावीस तारखेला यायचे. कॅफेतल्या नोकरीचे पैसे एक महिना मागे. तेव्हा आमच्या वयाला किमान वेतन तासाला ८.६० पौंड होतं, एप्रिल २०२५ पासून दहा झालं.

या सगळ्यात कुणाचे पैसे बुडाले नाहीत आणि कुणी उशीरही केला नाही. फक्त येणारे पैसे महिन्याच्या एका टोकाला आणि जाणारे दुसऱ्या टोकाला. ती फट ५०० च्या ओडीने भरली. याच कामासाठी तो बनलाय, आणि या कामात तो उत्तम आहे. एक पेनी व्याज लागलं नाही, कसलं शुल्क नाही, कुणाला फोन करून "जरा आधी पाठवता का" म्हणावं लागलं नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या लेखी व्याजापेक्षा मोठी.

दुसऱ्या वर्षी मात्र घर भाड्याने घेतलं, आणि ओडीची खरी परीक्षा तिथे झाली. लीड्समध्ये हाइड पार्क आणि हेडिंग्लीतल्या विद्यार्थी घरांचे करार बहुतेक १ जुलैला सुरू होतात. वर्ग सुरू व्हायचे सप्टेंबरच्या शेवटी. आणि लोनचा आधीचा हप्ता येऊन गेलेला असतो एप्रिलमध्ये. म्हणजे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं तीन महिन्यांचं भाडं रिकाम्या घरासाठी भरायचं, तेही लोन नसताना. माझं भाडं आठवड्याला १२०, म्हणजे महिन्याला ५२०. तीन महिन्यांचे १,५६०. माझं लिमिट १,५००. बघा कसं चपखल बसलं ते! अनामत त्याआधीच, हिवाळ्यात सही करताना गेलेली. (२०१९ च्या कायद्याने अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, एजंट जास्त मागत असेल तर सरळ नाही म्हणा.) हॉल सोडताना हे कुणीच समजावून सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनी दुसरं काही वाचलं नाही तरी हा परिच्छेद वाचावा.

मी तो उन्हाळा स्लाउला राहून, तिथल्या गोदामात काम करून काढला. तरी ऑगस्टमध्ये खातं उणे अकराशेपर्यंत गेलं होतं. सप्टेंबरअखेर लोन आलं आणि बहुतेक सगळं ओडीनेच गिळलं. इथे या खात्याचा स्वभाव कळतो: हप्ता आला की आनंद होत नाही, कारण तो आधीच खर्च झालेला असतो. आमच्या घरातली एक मुलगी पहिल्या वर्षापासून सतत तळाशीच आहे. तिच्यासाठी शून्य म्हणजे उणे पंधराशे. तिचा ओडी आता कुठलीच फट भरत नाही, तो एकदाच वापरून संपला.

आता अ‍ॅपबद्दल. २०१९ च्या डिसेंबरपासून इथल्या नियामकाने, फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, ओडीची रक्कम ‘उपलब्ध पैसे’ म्हणून दाखवायला बँकांना मनाई केलीय. माझं अ‍ॅप हे नीट पाळतं: वर शिल्लक उणे चिन्हासह, खाली ओडी किती उरला ते वेगळं. लिमिट ओलांडायची वेळ आली की मेसेज येतो. हे चांगलं.

वाईट ते पुढे. दुसऱ्या वर्षी लिमिट २,००० पर्यंत वाढू शकतं असं जाहिरातीत होतं. मी अ‍ॅपवरून अर्ज केला, अर्ध्या मिनिटात नकार. कारण नाही. चॅटवर विचारलं तर तोच बिनकारणाचा नकार तीन वेगळ्या वाक्यांत. फोनवर वाट बघून वैतागले आणि शेवटी शाखेत गेले. तिथल्या बाईंनी क्रेडिट अहवाल (आपल्या कर्जव्यवहारांची नोंद) काढून बघायला सांगितलं. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडे तो फुकट बघता येतो. माझ्या लीड्सच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव नव्हतं, आणि पत्ता पडताळताना बँका ती यादी बघतात.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहत असतील तर मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात, स्टुडंट व्हिसावर असले तरी. मी नोंदवलं, आतेभावालाही नोंदवायला लावलं. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा माझं लिमिट १,८०० झालं. नोंदणीमुळेच झालं की बँकेचा मूड बदलला, हे कळायला मार्ग नाही, कारण होकाराचंही कारण देत नाहीत. ऑगस्टच्या भाड्याचा भरवसा जर या आकड्यावर ठेवायचा असेल, तर मंजूर झालेलाच आकडा धरा, जाहिरातीतला नको. शिवाय ओडी बँकेला कधीही परत मागता येतो, तसं कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. विद्यार्थ्याकडून असा मागितलेला मी पाहिला नाही, पण लिहिलेलं आहे.

आतेभावाची गोष्ट. तो कोल्हापूरहून सप्टेंबर २०२५ मध्ये एमएस्सीला आला. व्हिसासाठी महिना १,१३६ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड खात्यात अठ्ठावीस दिवस दाखवले, भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं, ज्यावर तो वर्गात बसलेला असतानाही व्याज चढतंय. इथे त्याला साधं खातं मिळालं, अ‍ॅपवरच, पासपोर्ट आणि ई-व्हिसाच्या जोरावर. बिनव्याजी ओडी नाही. म्हणजे ज्याच्याकडून आधी पैसे असल्याचा पुरावा घेतला त्याला उसने नाहीत. तो वर्षभराने जाईल अशी बँकेची भीती, त्यात तथ्य आहे, पण बघताना टोचतं. त्याची फट मीच भरते कधीकधी, माझ्या ओडीतून. तोही बिनव्याजी परत करतो, वर पोहे करून घालतो.

त्याच्या अ‍ॅपने पुढे ओडी देऊ केला होता, व्याजासकट. मी त्याला थांबवलं. एप्रिल २०२० पासून इथे ओडीवर दिवसाचं ठरावीक शुल्क बंद झालं आणि एकच वार्षिक दर लावायचा नियम आला. त्यानंतर बऱ्याच बँका ३९.९ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसल्या. पंधराशे पौंड उणे असाल तर महिन्याला चाळीसहून जास्त पौंड नुसतं व्याज. दुकानवाल्या काकांना हा दर सांगितला तर ते म्हणाले, आमच्या बाजारातला सावकारही इतकं घेत नाही.

हाच दर पदवीनंतर आपली वाट बघत असतो. पदवी झाली की बरेच जण ग्रॅज्युएट अकाउंटवर जातात, तिथे बिनव्याजी मर्यादा दरवर्षी कमी होत जाते, आणि शेवटी खातं साधं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाचं खातं त्याच्या बँकेने सरळ साध्यावर टाकलं. पत्र आईवडिलांच्या जुन्या पत्त्यावर गेलं. त्याला व्याज लागलेलं स्टेटमेंटवर दिसलं. भांडून काही परत मिळालं, सगळं नाही.

लोकांची गल्लत होते म्हणून सांगते: सरकारी स्टुडंट लोन हा वेगळा प्रकार आहे. २०२३ पासून सुरू करणाऱ्यांना २५,००० च्या वरच्या कमाईवर ९ टक्के, पगारातूनच कापलं जातं, चाळीस वर्षांनी माफ, आणि क्रेडिट अहवालात ते दिसत नाही. ओडी दिसतो, आणि त्याला माफी नाही. दोन्हींना एकाच श्वासात ‘कर्ज’ म्हणून घाबरणं किंवा बेफिकीर होणं, दोन्ही चूक.

आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा लिमिटभर पैसे काढून बचत खात्यात टाकतो आणि वरचं व्याज खातो. चालतं, बेकायदा नाही. वर्षाला साठसत्तर पौंड मिळत असतील. मी करत नाही, कारण मला माझे पैसे कुठे आहेत ते एका ठिकाणी दिसलेलं आवडतं.

सध्याची स्थिती अशी: एप्रिलच्या हप्त्यातून जुलैचं भाडं आत्ताच वेगळं काढलंय, ऑगस्ट आणि सप्टेंबर ओडीवर आणि उन्हाळ्याच्या नोकरीवर. तिसऱ्या वर्षी जास्त लिमिटवाल्या बँकेत जावं का याचा विचार चालू आहे. खातं बदलायची सेवा सात कामाच्या दिवसांत सगळे डायरेक्ट डेबिट हलवून देते, पण जुन्या बँकेचं उणं नव्या बँकेने स्वीकारायला हवं किंवा आपण आधी भरायला हवं. ऑक्टोबरमध्ये, लोन जमा झाल्या झाल्या, ते जमेल असं दिसतंय.